आधी जागा, मग गोष्ट

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर संवाद नीट रेकॉर्ड होत नाहीत. लाटांचा आवाज क्षणभरही थांबत नाही, वारा माइकवर आदळत राहतो, आणि टेकडीवरच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न मधूनच घुसतात. माइकला फरचे कव्हर घातले तर वारा अडतो, लाट अडत नाही. लघुपट करायला इथे येणाऱ्या मुलांना हे बहुधा शूटिंगच्या पहिल्या दुपारी कळते. त्यांच्या पटकथेत दोन मित्र वाळूवर बसून बराच वेळ बोलत असतात. ते बोलणे मग शहरात परतल्यावर डब करावे लागते, त्याला पैसे मोजावे लागतात, ओठ जुळत नाहीत आणि हातचे सगळे बजेट त्या एका सीनवर संपून जाते.

खरी अडचण त्या गोष्टीतच असते. ती किनाऱ्यावर घडावी असे तिच्यात काहीच नसते. ती कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा घराच्या गच्चीवरही घडली असती; समुद्र छान दिसतो म्हणून तिला इथे आणलेले असते. आता दुसरी गोष्ट घ्या. एक माणूस वरच्या रस्त्यावर उभा आहे, दुसरा खाली वाळूत. वरच्याला खालच्याला काहीतरी तातडीचे सांगायचे आहे आणि लाटांमुळे एक शब्दही पोहोचत नाही. तो हातवारे करतो, खालचा भलताच अर्थ काढतो. या गोष्टीला संवाद लागत नाहीत, डबिंग लागत नाही. जी अडचण पहिल्या गटाच्या मुळावर आली तीच इथे कथेचा विषय झाली आहे. कमी खर्चाच्या लघुपटाचा विषय घरी तयार करून जागेवर न्यायचा नसतो, तो जागेकडून मागून घ्यायचा असतो, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे आणि ते मी सुरुवातीलाच सांगून टाकतो.

कमी खर्च म्हणजे काय, याबद्दल थोडी स्पष्टता हवी. बरेच लेखक आधी मोठी गोष्ट लिहितात आणि मग पैसे नाहीत म्हणून तिचे अवयव कापत जातात. लग्नाची वरात होती तिथे चार माणसे उरतात, अपघात होता तिथे नुसता ब्रेकचा आवाज. प्रेक्षकाला ती उणीव लगेच दिसते. माझी कसोटी सोपी आहे. या फिल्मला दहापट पैसे मिळाले तर ती अधिक चांगली होईल का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर तो विषय आत्ता बाजूला ठेवावा. ‘नाही, फार तर जेवण बरे मिळेल’ असे उत्तर आले तर तो विषय आपला.

चित्रपटाचा जन्मच अशा विषयांनी झाला. ल्युमिए बंधूंच्या 1895 सालच्या एका फिल्ममध्ये एक माळी नळीने बागेला पाणी घालत असतो, एक पोरगा नळीवर पाय देतो, माळी नळीत डोकावतो आणि पोरगा पाय काढतो. एक जागा, दोन माणसे, एक खोडी. मिनिटभराचाही ऐवज नाही. मुंबईत वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएंच्या फिल्मचे खेळ सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये ठरवलेली कुस्ती चित्रित केली. कुस्तीला पटकथा लागत नाही. कोण जिंकणार, हा प्रश्न तिच्यात आधीच असतो. दादासाहेब फाळक्यांनी तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून, कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि महिनाभर त्या रोपाचे एकेक चित्र टिपत ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म केली. 1912 सालची ही गोष्ट. नट नाही, सेट नाही, प्रकाशयोजना घरातली. त्या फिल्मला कथानक आहे का? माझ्या मते आहे. बी जमिनीखाली आहे, त्याला वर यायचे आहे आणि वेळ लागतो आहे. मराठी माणसाने केलेल्या पहिल्या काही फिल्मपैकी एक ही कमी खर्चाच्या लघुपटाचा उत्तम धडा आहे, हे आपल्या कार्यशाळांमधून पुरेसे सांगितले जात नाही.

पुढे कथापट लांबत गेले आणि लघुपट बाजूला पडला. आपल्याकडे 1948 साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली, थिएटरात मुख्य चित्रपटाआधी माहितीपट दिसू लागले, आणि ‘छोटी फिल्म म्हणजे सरकारी माहिती’ अशी समजूत रुजली. कथा सांगणारा लघुपट जिवंत राहिला तो फिल्म स्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या हातात, फिल्म सोसायट्यांच्या खेळांत आणि काही मोठ्या दिग्दर्शकांच्या सुरुवातीच्या कामात. विषय कसे सापडले या दृष्टीने ते काम पाहिले तर काही वाटा वेगळ्या दिसतात.

मला सर्वांत जवळची वाट लहान मुलाची, गल्लीची. अब्बास किआरोस्तामींची पहिली फिल्म ‘ब्रेड अँड अ‍ॅली’ (1970) दहा-एक मिनिटांची आहे. पाव घेऊन घरी निघालेल्या मुलाच्या वाटेत कुत्रा बसला आहे. मुलाला पलीकडे जायचे आहे. बस्स. पण त्या मुलाची भीती आणि त्याने काढलेली युक्ती बघताना आपण पूर्ण गुंततो. सत्यजित राय यांच्या ‘टू’मध्ये (1964) एक श्रीमंत मुलगा खिडकीतून खाली पाहतो, खाली झोपडीतला एक मुलगा खेळतो आहे, आणि खेळण्यांवरून त्यांच्यात चढाओढ लागते, फिल्मभर एकही संवाद नाही. दोन्हीकडे माणसाला हवे ते लहान आहे, अडथळा समोर दिसतो आहे, आणि सगळे एका नजरेच्या टप्प्यात घडते.

दुसरी वाट रूपकाची. रोमान पोलान्स्कीने फिल्म स्कूलमध्ये शिकत असताना केलेल्या ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’ची (1958) सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर होते. पाण्यातून दोन माणसे एक भलेमोठे कपाट उचलून बाहेर येतात आणि शहरात शिरतात. कपाटासकट त्यांना कुणी सामावून घेत नाही, शेवटी ते पुन्हा समुद्रात जातात. खर्च एका कपाटाचा. आरे-वारेला फिल्म करू पाहणाऱ्याने ही अवश्य पाहावी, पण कपाटाची नक्कल करू नये. एक वस्तू चुकीच्या ठिकाणी आणून ठेवली की काय काय घडू शकते, हे त्यातून घ्यावे.

तिसरी वाट यादीची. रॉबर्ट रॉड्रिगेझने ‘एल मारियाची’ (1992) सुमारे सात हजार डॉलरमध्ये चित्रित केली. ओळखीत काय काय फुकट मिळते, म्हणजे बस, बार, कुत्रा, गिटारची पेटी, हे आधी मोजले आणि त्यावरून गोष्ट बेतली. ती पूर्ण लांबीची फिल्म, पण पद्धत लघुपटाला जास्त उपयोगी पडते. डेन्मार्कमधल्या ‘डॉग्मे 95’ चळवळीच्या दिग्दर्शकांनी तर शूटिंग खऱ्या जागीच करायचे आणि बाहेरून वस्तू आणायच्या नाहीत, असे नियमच घालून घेतले. नियम कडक होते, काही काळाने ते त्यांनी स्वतःही सोडले. पण सक्तीतून कल्पना सुचते हे त्यांनी दाखवून दिले.

साहित्यातून येणारी वाट मराठीला सोपी वाटते, कारण आपली कथा आणि एकांकिका दोन्ही समृद्ध. रवी जाधव यांचा ‘मित्रा’ (2014) विजय तेंडुलकरांच्या कथेवर आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एक लक्षात ठेवावे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात, तेव्हा लेखी परवानगी घ्यावीच लागते. एकांकिका उचलताना आणखी एक धोका असतो. ती बोलण्यावर उभी असते, आणि किनाऱ्यावर बोलण्याचे काय होते ते वर आलेच आहे.

अचानक कलाटणी देणाऱ्या शेवटांचीही एक शाळा आहे. सध्या मोबाइलवर सर्वाधिक दिसणारे लघुपट याच शाळेतले असतात. बोलत असलेला माणूस मेलेलाच होता, सगळे स्वप्न होते, चोर वाटला तो मदत करायला आला होता. या शाळेबद्दल मला प्रेम नाही. शेवट कळल्यावर जी फिल्म दुसऱ्यांदा पाहवत नाही, तिच्यासाठी माणसांनी उन्हात उभे राहू नये.

मराठी लघुपटाला गेल्या दोन दशकांत जे वळण मिळाले, ते जागेच्या आणि जगण्याच्या आतून आले. उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’त लहानशा घरात पिठाची गिरणी येते आणि घरातल्या मुलाचे जग बदलते. एक यंत्र, एक खोली, एक मुलगा. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी मुलाची ती गोष्ट, आणि पदार्पणासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या ‘पावसाचा निबंध’मध्ये (2017) मुलाला पावसावर निबंध लिहायचा आहे आणि पाऊसच घर राहू देत नाही. विषय एका ओळीत मावतो, आणि त्या ओळीत सगळा ताण आहे. गोव्याच्या आदित्य जांभळे यांच्या ‘खरवस’लाही सर्वोत्कृष्ट कथात्मक लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नवोदितांना मात्र एक सांगायला हवे. ‘पावसाचा निबंध’ची कल्पना साधी असली तरी पडद्यावरचा पाऊस स्वस्त नसतो. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, कृत्रिम पावसाला टँकर लागतात, आणि रात्र असेल तर दिवेही. कल्पना लहान आणि चित्रीकरण महाग, असे पुष्कळदा होते.

या सगळ्यात कोकण कुठे आहे? पूर्ण लांबीच्या चित्रपटांत आहे. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने (2004) कोकणातल्या आजोबा-नातवाची गोष्ट साऱ्या देशापुढे नेली, अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ने (2014) पावसाळी किनारा बदलीच्या गावी आलेल्या मुलाच्या एकटेपणाशी जोडला. लघुपटांत मात्र कोकण अजून बहुधा दोनच कामांना वापरले जाते: भुताला आणि प्रेमगीताला. ओसाड घर दिसले की त्यात हडळ, सुरूचे बन दिसले की त्यात धावणारी जोडी. त्या ओसाड घराची किल्ली कुणाकडे असते, गणपतीच्या आधी ते कोण उघडते, चाकरमानी या वर्षी आलेच नाहीत तर शेजारी काय करतात, हे कुणी विचारत नाही. आणि तिथे तर गोष्टी दाटीवाटीने उभ्या आहेत.

आरे-वारेपुरते बोलायचे तर सुरुवात भरतीपासून करावी. रत्नागिरीहून साखरतरची खाडी ओलांडून, काळबादेवी मागे टाकून रस्ता चढाला लागला की टेकडीवरून दोन्ही पुळणी दिसतात. त्या सकाळी जेवढ्या दिसल्या तेवढ्या दुपारी नसतात. मच्छीमारांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या आसपास, पौर्णिमेला मध्यान्हीच्या थोडी आधी. दर दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे काल चार वाजता जिथे नायक उभा होता, तिथे आठवड्याने चार वाजता पाणी असू शकते. कंटिन्युइटीचा हा मोठा त्रास. पण एकाच ओहोटीत सुरू होऊन भरतीबरोबर संपणारी गोष्ट लिहिली, तर समुद्रच घड्याळ होतो. हरवलेली वस्तू वाळूत शोधायची आहे आणि पाणी चढते आहे. प्रेक्षकाला वेळ किती उरला ते सांगावे लागत नाही, त्याला ते दिसत असते.

उजेडाचेही तसेच. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य टेकडीमागून येतो आणि बराच वेळ वाळूवर सावली राहते. तो मऊ उजेड चेहऱ्यांना फार चांगला, आणि त्या वेळी पर्यटकही कमी. तरीही प्रत्येक गट सूर्यास्ताला कॅमेरा लावतो. सूर्यास्त अर्ध्या तासात आटपतो, माणसे काळी दिसतात, आणि मागे पंचवीस जण सेल्फी काढत असतात. सकाळची गोष्ट लिहा, निम्मे बजेट वाचेल.

मग ऋतू. सहसा 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झाकलेल्या, पडवीत जाळी विणणे सुरू, हातात पैसा कमी आणि वेळ भरपूर. दोन माणसे एकाच जाळ्याची दोन टोके घेऊन बसली आहेत आणि त्यांच्यात अबोला आहे, ही जूनची फिल्म. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या बागांत राखणीला आणि कामाला नेपाळी माणसे असतात. डोंगरातून आलेला माणूस रात्री माडा-आंब्यात बसून वानरांना आणि चोरांना हाकलतो, आणि त्याच्या मागे समुद्र. त्याची गोष्ट मराठीत मी अजून पाहिलेली नाही. शिमग्यात पालखी येते, गावोगाव नमन-खेळे होतात, गणपतीत जाखडी. या मंडळांतले लोक जन्मजात नट आहेत. उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायची त्यांना सवय असल्याने कॅमेऱ्यापुढे आवाज आणि हात खाली आणायला मात्र थोडा सराव लागतो. त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे. होडीवरच्या माणसाच्या तोंडी सदाशिव पेठेची भाषा घातली की फिल्म तिथेच खोटी पडते.

आजूबाजूचा इतिहास मोहात पाडतो, आणि इथे सर्वांत जास्त घसरायला होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा 1886 पासून 1916 साली मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत कैदेत राहिला, त्याच्यासाठी राजवाडा बांधला गेला. विषय भव्य. पण राजा दाखवायचा तर पोशाख हवेत, गोरे अधिकारी हवेत, विजेच्या तारा नसलेला रस्ता हवा. हाच विषय आजच्या रत्नागिरीतून शोधा. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला भेट द्यायला आले होते. समजा तिथलाच एखादा साधा प्रवासी एकटाच स्टेशनवर उतरतो, त्याला मराठी-हिंदी येत नाही, आणि रिक्षावाल्याला समाधी कुठे ते ठाऊक नाही. दोन नट, एक रिक्षा, एक दुपार. हद्दपारीचे दुःख त्या रिक्षात सगळे मावते. मिऱ्याच्या किनाऱ्याला जून 2020 मध्ये निसर्ग वादळात येऊन लागलेले ‘बसरा स्टार’ जहाज कित्येक वर्षे तिथेच गंजत राहिले. एवढा सेट कुठल्या स्टुडिओत उभा राहील? आणि जांभ्याच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांत हत्ती आहेत, आज कोकणात नसलेले गेंडेही आहेत. गुरे घेऊन सड्यावर जाणाऱ्या मुलीला ते चित्र रोज दिसत असेल, तर तिला काय वाटत असेल?

हे सारे आत्ताच का महत्त्वाचे? कारण कॅमेऱ्याची अडचण संपली आहे. शॉन बेकरने ‘टँजरीन’ (2015) आयफोनवर चित्रित केल्यालाही आता दशक उलटले. गावातल्या बारावीच्या मुलाकडे चांगला फोन आहे, एडिटिंगचे अ‍ॅप आहे, यूट्यूब आहे. पूर्वी फिल्मचे रीळ परवडत नाही म्हणून कोकणातला मुलगा गोष्ट सांगू शकत नव्हता. आज तो सांगू शकतो, पण मोबाइलवर जे दिसते तेच पुन्हा करतो. शहरातल्या स्पर्धांसाठी ठरलेले सामाजिक विषय घेतो आणि स्वतःच्या वाडीकडे बघत नाही. दुसऱ्या बाजूला गावे झपाट्याने बदलत आहेत. जमिनी विकल्या जात आहेत, रिसॉर्ट होत आहेत, घरे कुलपात जात आहेत. हे बदल ज्यांच्या अंगावरून जातात त्यांनीच ते सांगितले नाहीत, तर बाहेरचा माणूस येऊन ड्रोनमधून सांगेल, आणि ड्रोनमधून माणसाचा चेहरा दिसत नाही. मला याची खरोखर काळजी वाटते. पुस्तक लिहिण्याचे ते सर्वांत मोठे कारण.

या पुस्तकात कॅमेरा कोणता घ्यावा, हे सापडणार नाही. तयार कथाबीजांची यादीही नाही. पाहण्याचे सराव आहेत: एका जागी बसून कोण येते-जाते ते लिहिणे, आवाजांची नोंद, हाताशी असलेल्या माणसांची आणि वस्तूंची यादी, ‘कुणाला काय हवे आहे आणि ते आज का मिळत नाही’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारणे. मग त्यातून एक ओळ, ओळीतून पानभर गोष्ट, गोष्टीतून पटकथा. आरे-वारे, काळबादेवी, नेवरे, मिऱ्या या पट्ट्यातल्या नमुन्याच्या पटकथा दिल्या आहेत, पण त्या पद्धत कळावी म्हणून. मेळघाटातल्या, बेळगावच्या किंवा लालबागच्या वाचकाने त्या बाजूला ठेवून आपल्या गावाची वही उघडावी.

किनाऱ्यावर येणाऱ्यांना काही गोष्टी कळकळीने सांगतो. इथला समुद्र दिसतो तितका साधा नाही, माणसे बुडाली आहेत. पावसाळ्यात कुठल्याही शॉटसाठी नटाला पाण्यात उतरवू नका. तसा सीन असेल तर लिहितानाच काढून टाका. ग्रामपंचायतीला आधी कळवा, ड्रोनची परवानगी काढा, कुणाच्या बागेत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. मासे सुकत घातलेल्या बाईचा चेहरा तिच्या संमतीशिवाय टिपू नका, आणि तिने दिवस दिला तर त्या दिवसाची मजुरी द्या; चहा पाजून भागवू नका. या पुस्तकातल्या नमुन्याच्या पटकथा कुणीही, न विचारता, चित्रित कराव्यात. माझी विनंती एकच: फिल्म पूर्ण झाली की स्पर्धेला पाठवण्याआधी ती त्याच गावात, शाळेच्या भिंतीवर का होईना, एकदा दाखवावी आणि लोक काय म्हणतात ते ऐकून घ्यावे.